घरांत साखळी-करवत घेतांना

ता. 3 जून 2020 रोजीं निसर्ग नांवाचें चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलें. त्या दिवशीं श्रीवर्धन तालुक्यांतील आमच्या आगरांत किती झाडें पडलीं हें मोजण्याचें धैर्य आम्हांस पुढें आठ दिवस झालें नाहीं. माड पडले, पोफळी तर एकीवर एक निजल्या. उभा राहिला तो घरामागचा जुना फणस. पण तोहि धड राहिला नाहीं. त्याची एक जाड फांदी बेचक्यांत पिचून गोठ्याच्या कौलांवर झुकली, आणि पुढें दर पावसाळ्यांत ती बोट बोट खालीं येऊं लागली.

पूर्वीं अशा कामास गांवांतला एखादा गडी कमरेस कोयता लावून येई, तास दोन तासांत फांदी उतरवी आणि पडवींत चहा पिऊन जाई. तो गडी आतां आमच्याच वयाचा आहे व त्याचे मुलगे मुंबईस नोकरीस आहेत. आमच्या घरांत आमचे ज्येष्ठ बंधु, वहिनी, आम्ही, आमची मंडळी, पुतण्या, सूनबाई व त्यांचीं दोन मुलें. झाडें मात्र अजून शंभरावर आहेत. आणि झाड कोणाची सोय पाहून वाढत नाहीं. शेवग्याची फांदी वाऱ्यानें मोडते, पेरू कुंपणाबाहेर जातो, वाळलेली झावळी वाटेवर पडते. वर्षांतून दहाबारा वेळां अर्ध्या दिवसाचें असें काम निघतें. त्यासाठीं माणूस मिळत नाहीं आणि हातकरवतीनें करावें तर खांदे दुखतात.

म्हणून गेल्या साली पुतण्यानें मोबाइलवरून एक लहान साखळी-करवत मागविली. किंमत अडीच हजारांच्या आंत. बॉक्सवर मोठ्या अक्षरांत ‘88 व्हीएफ’ असें छापलेलें, सोबत दोन बॅटऱ्या व एक चष्मा. रविवारीं सकाळीं तो शेवग्याकडे गेला. उजव्या हातांत करवत, डाव्या हातांत कापावयाची फांदी. पहिल्या चार फांद्या खरोखरच लोण्यासारख्या कापल्या गेल्या. पांचव्या फांदीमागें पेरूची एक डहाळी होती. ती त्यास दिसली नाहीं. पात्याचें टोंक तिला लागतांच करवत उसळली आणि त्याच्या डाव्या हाताच्या मनगटाच्या वर येऊन पडली. सात टांके पडले. शीर तुटली नाहीं, हें आमचें भाग्य.

संध्याकाळीं वहिनी आम्हांस एवढेंच म्हणाल्या, “भावोजी, तुम्ही तीस वर्षं मुलांना गणित शिकवलंत. घरांत आलेला तो आंकडा एकदां तपासून पाहिला असतात, तर?” त्यावर आम्हांस उत्तर नव्हतें. पुढील मजकूर म्हणजे त्या उत्तराची उशिरां केलेली तयारी होय. आमच्यासारखीं घरें पुष्कळ आहेत, आणि त्यांतील तरुण मंडळी हीच वस्तु मागविण्याच्या विचारांत असतील, म्हणून तो येथें देतों.

प्रथम त्या 88 आंकड्याचें पाहूं. आम्हीं भिंग घेऊन बॅटरीच्या बुडाशीं असलेली बारीक अक्षरें वाचलीं. तेथें 21 व्होल्ट व 1.5 अँपिअर-तास असें लिहिलें होतें. 88 हा आंकडा कशाचा, तें कोठेंच नव्हतें. व्हीएफ हें तर कोणत्याहि पाठ्यपुस्तकांतील एकक नव्हे. आजकालच्या ह्या बॅटऱ्या लिथियम-आयन जातीच्या असतात. सोनी कंपनीनें 1991 सालीं त्या प्रथम बाजारांत आणल्या, व ज्या तिघां शास्त्रज्ञांच्या संशोधनावर त्या उभ्या आहेत त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो यांस 2019 चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. करवतींच्या बॅटऱ्यांत सामान्यतः जो सेल असतो तो सरासरी 3.6 व्होल्ट देतो. पूर्ण भरला असतां 4.2 पर्यंत जातो. असे पांच सेल एकापुढें एक जोडले म्हणजे सरासरीनें 18 व्होल्ट होतात आणि भरलेल्या स्थितींत 21. म्हणजे एका दुकानदाराची 18, दुसऱ्याची 20 व तिसऱ्याची 21 व्होल्टची बॅटरी या तिन्हींत पांचच सेल असूं शकतात. त्याच न्यायानें दहा सेलांची बॅटरी कोणी 36 ची म्हणतो, कोणी 40 ची. माल एकच, वजन करतांना तराजूचें पारडें कोणत्या क्षणीं पाहिलें एवढाच फरक.

मग घ्यावयाचा आंकडा कोणता? तो गुणाकार करून मिळतो. व्होल्टांस अँपिअर-तासांनीं गुणिलें म्हणजे वॅट-तास येतात, आणि बॅटरींत शक्तीचा सांठा किती तें त्यावरून कळतें. पुतण्याच्या करवतीची बॅटरी 18 गुणिलें 1.5, म्हणजे 27 वॅट-तासांची. नांवाजलेल्या कंपन्यांची 18 व्होल्टची व 5 अँपिअर-तासांची बॅटरी 90 वॅट-तासांची होते; 36 व्होल्टची व 4 अँपिअर-तासांची 144 ची. आतां, लांकूड कापतांना करवतीनें हजार वॅट ओढले असें धरा. 90 वॅट-तासांचा सांठा त्या हिशेबानें साडेपांच मिनिटांहून कांहींसा कमी पुरेल. हें ऐकून आमचे बंधु हंसले व म्हणाले, “साडेपांच मिनिटांसाठीं एवढे पैसे?” परंतु करवत सारा वेळ लांकडांत नसते. मनगटाएवढी फांदी कापण्यास कांहीं सेकंद लागतात. मग फांदी ओढणें, बाजूस टाकणें, पुढची निरखणें यांत मिनिट जातें, आणि त्या वेळांत बॅटरी खर्च होत नाहीं. साडेपांच मिनिटें म्हणजे तसे चाळीस-पन्नास छेद होतात. आमच्या वयाच्या माणसाची सकाळ तेवढ्यांत सरते. ज्यास याहून अधिक लागेल त्यानें दुसरी बॅटरी घ्यावी. त्याहूनहि अधिक लागत असेल तर त्याचें काम ‘अधूनमधून’ या सदरांत बसत नाहीं.

घरांत आधींच एखाद्या कंपनीचें बॅटरीचें ड्रिल असेल तर त्याच कंपनीच्या त्याच जातीच्या बॅटरीवर चालणारी करवत आहे कीं काय, हें पहिल्यानें पाहावें. बॅटरी हाच किंमतीचा मोठा भाग असतो, व नुसती करवत बॅटरीवांचून वेगळी मिळते. मकिता कंपनीच्या 18 व्होल्टच्या मालिकेंत दोन बॅटऱ्या एकाच वेळीं बसवून 36 व्होल्टवर चालणाऱ्या करवतीहि आहेत. ज्याचेकडे त्या बॅटऱ्या आहेत त्यास तें सोयीचें पडतें. आम्हांकडे ड्रिल नव्हतें, त्यामुळें तो लाभ आम्हांस झाला नाहीं.

पेट्रोलची करवत कां घेऊं नये, असें कांहीं स्नेह्यांनीं विचारलें. शक्तीच्या बाबतींत पेट्रोलची बरोबरी नाहीं, हें मान्य करावेंच लागेल. एका लिटरांत सुमारें 9,000 वॅट-तास भरलेले असतात. लहान इंजिन त्यांतील बहुतेक भाग उष्णता म्हणून उधळतें, तरीहि उरलेलें बॅटरीच्या कितीतरी पट असतें. जो रोज झाडें तोडतो त्यानें तीच घ्यावी. परंतु जी करवत श्रावणांत एकदां व नंतर थेट माघांत काढावयाची, तिचें पेट्रोल टांकींत शिळें होतें व कार्ब्युरेटरांत चिकटा धरतें. त्यांत आपल्या देशांत 2025 पासून सर्वत्र मिळणाऱ्या पेट्रोलांत 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. इथेनॉल हवेंतील पाणी ओढून घेतें, आणि अशा करवती बनविणाऱ्या मोठ्या कंपन्या आपल्या पुस्तिकेंत सामान्यतः 10 टक्क्यांचीच मर्यादा सांगतात. शिवाय त्यांत तेल मोजून मिसळावें लागतें, आणि सुरू करण्यास दोरी खेंचावी लागते. साठीनंतरच्या खांद्यास ती परीक्षा नको. वायरीची विजेवरची करवत स्वस्त व हलकी असते व अंगणांतल्या कामास चांगली. परंतु आगरांत शंभर फूट वायर ओढून, ती स्वतःच्याच पात्याखालीं येणार नाहीं याचें भान ठेवीत काम करणें आम्हांस सोसवेना.

आतां ज्या गोष्टीमुळें सात टांके पडले त्या गोष्टीकडे येऊं. करवत या शब्दाचें मूळ संस्कृत ‘करपत्र’ हें होय; हातानें धरावयाचें पातें. जुन्या करपत्राचा दांता हात जाईल तिकडे जातो. साखळीच्या करवतीचें तसें नाहीं. साखळीची करवत पहिल्यानें निघाली ती लांकडासाठीं नव्हे, शस्त्रक्रियेसाठीं. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडांतील एटकेन व जेफ्री या वैद्यांनीं हाडें कापण्यासाठीं ती वापरली. ही माहिती आम्हीं पुतण्यास त्याचा हात गळ्यांत असतांना सांगितली, तेव्हां त्यास ती फारशी रुचली नाहीं.

पात्याच्या वरच्या कडेनें साखळी पुढें धांवते, टोंकाशीं वळते व खालच्या कडेनें करवत धरणाऱ्याकडे परत येते. टोंकाच्या वरच्या अर्ध्या भागांत दांते खालीं वळत असतात. तेवढ्या भागास एखादी काठी लागली कीं दांता तिच्यांत रुततो, आणि पुढें जाऊं न शकल्यामुळें सबंध पातें वर व मागें उसळतें. हें इतकें जलद होतें कीं माणसास कळून हात आवरण्यास अवकाशच नसतो. म्हणून चांगल्या करवतीस पुढच्या मुठीसमोर एक आडवें कवच असतें. उसळी आली कीं तें मनगटावर वा स्वतःच्या जडपणानें पुढें ढकललें जातें व साखळी तत्क्षणीं थांबते. यास साखळीचा ब्रेक म्हणतात. पुतण्याच्या करवतीस तो नव्हता. एका हातांत धरावयाच्या बहुतेक छोट्या करवतींस तो नसतोच. त्या सर्वच टाकाऊ आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. स्टील कंपनीची सुमारें सव्वा किलो वजनाची व चार इंच पात्याची जी करवत आहे तिच्यावर पात्यास झांकणारें कवच बसविलेलें असतें, आणि गुलाब-जास्वंदीच्या जाड काड्यांपासून अंगठ्याएवढ्या डहाळ्यांपर्यंत ती उत्तम. परंतु तिच्यानेंहि मोकळ्या हातांत फांदी धरून कापूं नये.

आमचें मत असें झालें कीं, आमच्यासारख्या आगरास दहा ते बारा इंच पात्याची, दोन्ही हातांनीं धरावयाची व ब्रेक असलेली करवत हवी. बारा इंचाच्या पात्यानें बारा इंचाचें लांकूड कापावयाचें नसतें. टोंक बाहेर दिसत राहावें म्हणून दोन-तीन इंच सोडून द्यावे लागतात. त्याहून लांब पातें घेण्याचा मोह पुष्कळांस होतो. लांब पात्यास शक्ति अधिक लागते, बॅटरी लौकर उतरते, आणि टोंक दूर गेल्यामुळें नजरेबाहेर जातें. उसळीचें मूळच तें. साखळी अरुंद खांचेची घ्यावी. तिनें लांकडांत पडणारी चीर बारीक पडते, भुसा कमी निघतो व तेवढ्याच सांठ्यावर काम अधिक होतें. साखळीचा वेगहि विचारावा. स्वस्त करवतींत तो सेकंदास पांच ते आठ मीटर असतो, चांगल्यांत पंधराहून अधिक. वेग कमी असला कीं माणूस जोर लावूं लागतो, आणि जोर लावणें हीच चूक. दांत्यांस धार असेल तर करवतीचें स्वतःचें वजन पुरतें.

धार मात्र घरीं लावतां आली पाहिजे. लहान करवतीची साखळी बहुधा 4 मिलीमीटरच्या गोल कानशीनें लागते. तरी पुस्तिका पाहून घ्यावी, कारण बारीक साखळ्यांस कानसहि बारीक लागते. भुसा निघण्याऐवजीं पीठ पडूं लागलें कीं कानस काढावी. साखळी एकदां मातीस लागली कीं धार गेलीच, म्हणून जमिनीवरील ओंडक्याखालीं दुसरें लांकूड सारून तो उचलून घ्यावा. पोफळीच्या खोडांचा आमचा अनुभव वाईट आहे. त्यांचे ओले तंतु साखळीच्या दातेरी चाकाभोंवतीं सुतासारखे गुंडाळले जातात व दर पांच-दहा छेदांनंतर झांकण उघडून ते उपसावे लागतात. पडलेल्या पोफळीस कोयता व कुऱ्हाडच बरी. फणसाच्या चिकाचीहि तीच कथा. काम संपल्यावर, बॅटरी काढून, तेलाच्या चिंधीनें पातें पुसलें तर चीक सुटतो. फणस फोडतांना आपण हातास तेल लावतों तसेंच हें, नवें कांहीं नाहीं.

तेलावरून आठवलें. पातें व साखळी यांमध्यें सतत तेल जावें लागतें, आणि करवतींत त्याची आपोआप चालणारी सोय हवी. पिचकारीनें घालावयाच्या करवती येतात त्या घेऊं नयेत, कारण माणूस विसरतो. आमच्या बंधूंनीं घरचें खोबरेल घालण्याचा आग्रह धरिला. खोबरेल पंचविसाच्या खालीं थिजूं लागतें, म्हणजे पौषांत सकाळीं नळीच बंद. गाडीचें काढून टाकलेलें काळें तेल तर मुळींच घालूं नये. त्यांत धातूचा कीस असतो आणि तें आपल्याच मातींत उडतें. पात्याचें म्हणून वेगळें तेल मिळतें, एक लिटर आम्हांस वर्ष पुरतें. करवत ठेवून दिली कीं तें थोडें थोडें पाझरतें. तो बिघाड नव्हे. खालीं जुनें वर्तमानपत्र ठेवावें, नाहींतर कोठीच्या फरशीवरून घरांत दोन दिवस बोलणीं बसतात.

बॅटरी उन्हांत वा चुलीजवळ ठेवूं नये, पूर्ण भरून महिनेच्या महिने ठेवूं नये. अर्धी भरलेली, सावलींत, कोरडी. कापून आल्या आल्या तापलेली असतां चार्जरास लावूं नये. आणि साखळीस बोट लावण्यापूर्वीं बॅटरी बाहेर काढणें हा नियम आमच्या घरांत आतां सोंवळ्यासारखा पाळला जातो.

पोशाखाविषयीं आम्हांस स्वतःविरुद्ध लिहावें लागत आहे. आम्ही घरीं धोतर नेसतों. धोतर, साडीचा पदर, ओढणी, यांपैकीं कांहींहि अंगावर असतां करवत उचलूं नये. बूट, घट्ट विजार, डोळ्यांवर चष्मा. करवतीसाठींच्या खास विजारी मिळतात. त्यांतील लांब धागे साखळींत ओढले जाऊन चाकच अडवितात, म्हणजे पोफळीचे तंतु जें नकोसें करतात तेंच तेथें प्राण वाचवितें. विजार महाग वाटली, पण सात टांक्यांनंतर वहिनींनीं ती किंमत विचारलीच नाहीं. खांद्याहून उंच करवत न्यावयाची नाहीं, शिडीवर न्यावयाची नाहीं, व जवळ दुसरें माणूस असल्याशिवाय सुरू करावयाची नाहीं, हे तीन नियम सूनबाईंनीं कोठीच्या दारावर लिहून लाविले आहेत. करवतीची पुस्तिका घरांत शेवटपर्यंत वाचणाऱ्याहि त्या एकट्याच. आतां करवत बहुधा त्याच चालवितात.

राहिली गोठ्यावरची फांदी. नवी करवत आली त्या दिवशींच पुतण्या वर पाहूं लागला. आम्हीं सूत घेऊन खालून अंदाज घेतला; फांदी बेचक्याशीं फूटभर जाडीची होती. पिचलेल्या फांदींत ताण कोणत्या बाजूस आहे हें खालून कळत नाहीं. साधी आडवी फांदी असेल तर खोडापासून हातभर अंतरावर प्रथम खालून तिसरा हिस्सा कापावा, मग थोडें पुढें वरून, म्हणजे सालपट न सोलतां फांदी पडते. आणि उरलेला खुंट बुंध्याजवळच्या फुगीर वळ्याच्या बाहेरून निराळा काढावा. परंतु आधींच पिचलेल्या, कौलांवर टेकलेल्या, माणसाच्या डोक्यावरच्या फांदीस हा पाठ लागू पडत नाहीं. पातें तिच्यांत चिमटून बसेल, किंवा फांदी आपल्या मर्जीनें फिरेल. दुसरें असें कीं, फणस व आंबा हीं झाडें तोडण्याबाबतच्या 1964 च्या महाराष्ट्राच्या कायद्याच्या अनुसूचींत आहेत. झाड स्वतःच्या आगरांतलें असलें तरी तोडण्यास परवानगी लागते, आणि शहरांत 1975 चा निराळा कायदा आहे. आम्हांस झाड तोडावयाचें नव्हतें, फांदीच उतरावयाची होती. तरी वनखात्याच्या कचेरींत जाऊन विचारून आलों.

पुतण्यास राग आला. एवढी करवत आणली ती काय शेवग्यासाठीं, असें तो म्हणाला. दोन दिवस तो आमच्याशीं नीट बोलला नाहीं. तिसऱ्या दिवशीं त्यानेंच चौकशी करून दोर व कप्पी घेऊन चढणारी तीन माणसें आणविलीं. त्यांनीं फांदी चार जागीं दोरानें बांधली व तुकड्या-तुकड्यांनीं उतरविली. तीन तास लागले, एक कौल फुटलें. वर चढलेल्या माणसानें मध्यें एकदां हात वर करून सर्वांस दूर जाण्यास सांगितलें, आणि बेचक्याचा पिचलेला भाग मोठा आवाज करून फिरला. पुतण्या आमच्या शेजारीं उभा होता. तो कांहीं बोलला नाहीं.

खालीं आलेल्या फांद्यांवर मग आमची करवत चालली. दोन बॅटऱ्या संपल्या, तिसऱ्यांदा पहिली भरून आणावी लागली. बारीक तेवढें बंबासाठीं रचलें. जाड तुकडे सरपणांत जाऊं देण्यास बंधु तयार होईनात. फणसाचें पिवळें लांकूड पाटांस चांगलें, आणि धाकट्या नातवाची मुंज दोन वर्षांवर आली आहे. ते ओंडके सध्यां पडवींत सावलीस वाळत पडले आहेत. दिवाळीनंतर सुतार येणार आहे.